एका सीझनमध्ये गुंडाळलेली क्राइम सिरीज कशी बघायची

"अर्धवट सिरीज बघायचीच कशाला, शेवटी खुनी कोण तेच कळलं नाही तर?" असं म्हणून लोकं कॅन्सल झालेल्या सिरीजच्या वाटेलाच जात नाहीत, आणि मग आठ-आठ सीझन चाललेली, पाचव्या सीझनपासून नुसती ओढत नेलेली सिरीज मात्र इमानेइतबारे पूर्ण करतात. खरं सांगायचं तर कॅन्सल झालेल्या क्राइम सिरीजपैकी बऱ्याच अर्धवट नसतातच, आणि ज्या खरंच अर्धवट आहेत त्याही बघता येतात, फक्त बघायची पद्धत वेगळी ठेवायला लागते. मी इथे मुख्यतः अमेरिकन सिरीजबद्दल लिहितोय, कारण चांगली सिरीज बंद करण्यात त्यांच्या चॅनेलवाल्यांचा हात कोणी धरू शकत नाही.

आधी एकच गोष्ट शोधा

रेटिंग, रिव्ह्यू, ट्रेलर हे सगळं राहू दे. सुरू करण्याआधी फक्त एवढं बघा की शेवटचा एपिसोड लिहिताना लिहिणाऱ्यांना माहीत होतं का की हा शेवटचा आहे. हे शोधायला कथेतलं काहीच वाचावं लागत नाही, सिरीज कधी कॅन्सल झाली आणि शेवटचा भाग कधी दाखवला या दोन तारखा आणि एकूण भाग किती एवढ्यावर बराच अंदाज येतो.

काही वेळा लेखक आधीच शहाणपणा करून ठेवतात, म्हणजे सीझन असा संपवतात की पुढे गेलं तरी ठीक आणि थांबलं तरी ठीक. 'टेरिअर्स' ही याची मला सगळ्यात आवडती. २०१० साली एफएक्स चॅनेलवर आली, १३ भाग, सॅन डिएगोच्या ओशन बीच भागात राहणारे दोन जण, एक पोलिसातून बाहेर पडलेला हँक आणि दुसरा पूर्वी चोऱ्या करणारा ब्रिट, लायसन्स नसताना डिटेक्टिव्हगिरी करतात. इतकी कमी लोकांनी बघितली की चॅनेलच्या प्रमुखाने, जॉन लँडग्राफने, खास पत्रकारांना फोनवर घेऊन ती का बंद करतोय ते समजावून सांगितलं, जे सहसा कोणी करत नाही. पण मुख्य प्रकरण तेराव्या भागात मार्गी लागतं, उरतो तो फक्त एक निर्णय, आणि तो प्रेक्षकावर सोडलाय असं समजलं तरी काही बिघडत नाही. अशी सिरीज बिनधास्त बघा, तिला अर्धवट म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

दुसरा प्रकार म्हणजे सीझन पूर्ण झाला पण लेखक पुढच्या सीझनच्या आशेवर सस्पेन्स टाकून बसले आणि वरून फोन आलाच नाही. 'क्राइम स्टोरी' घ्या, एनबीसीवर १९८६ ते १९८८, दोन सीझन, मायकल मान निर्माता, १९६० च्या दशकातल्या शिकागोतून सुरू होऊन लास व्हेगासला जाते, आणि त्यातला मुख्य पोलीस झालेला डेनिस फरिना हा अॅक्टर होण्याआधी शिकागो पोलिसात १८ वर्षं नोकरी केलेला माणूस, त्यामुळे तो खोलीत शिरतो तेव्हाच कळतं की हा खोटं चालत नाहीये. या लेखात एवढा एकच स्पॉइलर मुद्दाम देतोय कारण तो माहीत असलेलाच बरा: ही सिरीज विमानात संपते, आत मारामारी चालू, विमान खाली चाललंय, आणि पुढे काही नाही. कायमचं काही नाही. हे माहीत असेल तर शेवटी रिमोट फेकून मारावासा वाटत नाही, उलट मधले भाग जास्त मन लावून बघितले जातात.

तिसरा प्रकार म्हणजे सरळ मधेच तोडलेली. 'लोन स्टार' नावाची एका ठगाची गोष्ट होती, २०१० मध्ये फॉक्सने दोन भाग दाखवले आणि विषय संपवला. २००३ ची 'करेन सिस्को', मायामीतली महिला यूएस मार्शल, म्हणजे अमेरिकन केंद्र सरकारच्या पोलिसांतली अधिकारी, कार्ला गुगिनो मुख्य भूमिकेत, १० भाग बनले, एबीसीने ७ दाखवून हात झटकले आणि उरलेले नंतर दुसऱ्याच चॅनेलवर आले. पण इथे एक मेख आहे, करेन सिस्कोमध्ये बहुतेक भागांत त्या भागाची केस त्याच भागात संपते, त्यामुळे मधेच तुटूनही बघणाऱ्याचं फार नुकसान होत नाही, आणि लोन स्टार ही एकच सलग गोष्ट असल्याने दोन भागांवर तुटली म्हणजे हातात काहीच नाही. म्हणून मधेच तोडलेली असेल तर एवढं बघायचं की केस दर भागाला सुटते की सगळ्या सीझनभर एकच चालते. दर भागाला सुटत असेल तर बघा. नसेल तर सोडून द्या, आयुष्यात बघायला भरपूर आहे.

भाग मोजा

अमेरिकेतल्या मोठ्या नेटवर्कची जुनी पद्धत अशी की आधी पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, बनवायचा, पसंत पडला तर पहिली ऑर्डर १३ भागांची द्यायची, आणि आकडे बरे आले तर आणखी ९ भाग मागवून सीझन २२ चा करायचा, या वाढीव ऑर्डरला ते लोक 'बॅक नाइन' म्हणतात. म्हणून एनबीसी, एबीसी, फॉक्स, सीबीएसची जुनी सिरीज १३ वर थांबलेली दिसली तर समजायचं की ठरलेली ऑर्डर पूर्ण झाली पण वाढीव आली नाही, म्हणजे लेखकांना निदान तेरावा भाग शेवट म्हणून लिहायची संधी मिळालेली असू शकते. १३ च्या आत कुठेतरी विचित्र आकडा, ५, ७, ८ वगैरे असेल तर बहुतेक मधेच गळा दाबलाय. पण एफएक्ससारख्या केबल चॅनेलांचा सीझन मुळातच १० किंवा १३ चा असतो, तिथे १० बघून लगेच हळहळायचं कारण नाही, आणि हल्लीच्या स्ट्रीमिंगला तर ६ आणि ८ भागांचेच सीझन असतात, तिथे हे गणित चालत नाही.

तारखांवरूनही कळतं. दर आठवड्याला एक भाग येतोय आणि अचानक तीन-चार महिन्यांची गॅप आणि मग उरलेले भाग भर उन्हाळ्यात नाहीतर सणासुदीच्या सुट्टीत उरकलेत, म्हणजे चॅनेलने माल गोदामातून काढून टाकला. 'पोलीस स्क्वॉड!' या १९८२ च्या विनोदी पोलीस सिरीजचं हेच झालं, एकूण ६ भाग, ४ मार्चमध्ये दाखवले आणि २ थेट जुलैमध्ये. तिच्या कॅन्सलेशनचं कारण म्हणून एबीसीच्या साहेबांनी असं सांगितलं की ती समजायला ती बघावी लागते, म्हणजे टीव्ही चालू ठेवून दुसरं काम करणाऱ्या माणसाला जोक कळत नाहीत. हसावं की रडावं. सिरीज बनवणाऱ्या मंडळींनीच १९८८ मध्ये तिच्यावरून 'द नेकेड गन' सिनेमा काढला आणि तो चांगला चालला.

बंद का पडली हेही जाताजाता बघून घ्या, कारण आपल्या मनात "बंद पडली म्हणजे वाईट असणार" हे पक्कं बसलेलं असतं. एचबीओची 'लक', २०१२, डस्टिन हॉफमन, पुन्हा मायकल मान, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरची, गुन्हेगारीच्या काठाकाठाने जाणारी गोष्ट, तिला दुसरा सीझन मिळाला होता, काम सुरू झालं होतं, पण शूटिंगच्या काळात तीन घोडे दगावले आणि सगळंच थांबवलं. त्याचा आणि लेखनाचा काडीचा संबंध नाही.

कुठल्या क्रमाने बघायची

हे सगळ्यात जास्त लोकं चुकवतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो, प्लॅटफॉर्मवर एक-दोन-तीन लिहिलंय म्हणून आपण तसं बघत जातो. पण चॅनेलवाले भाग ज्या क्रमाने बनले त्या क्रमाने दाखवतीलच असं नाही, त्यांना वाटतं सहावा भाग जास्त धमाकेदार आहे तर तो दुसरा लावा. मग होतं काय, तिसऱ्या भागात ज्या दोघांचं भांडण मिटतं ते भांडण पाचव्या भागात सुरू होताना दिसतं आणि आपण म्हणतो काय लिहिलंय हे, धड संगती नाही. फॉक्सची 'ऑलमोस्ट ह्यूमन', २०१३-१४, १३ भाग, भविष्यातला पोलीस आणि त्याचा रोबो जोडीदार, ही अशीच उलटसुलट क्रमाने दाखवली गेली. अशा वेळी प्रॉडक्शन कोड शोधायचा. प्रत्येक भागाला बनवतानाचा एक नंबर असतो, एपिसोडच्या याद्यांमध्ये वेगळ्या कॉलममध्ये दिलेला सापडतो, त्या नंबरच्या चढत्या क्रमाने यादी लावून बघायची. प्रक्षेपणाचा क्रम आणि कोडचा क्रम एकच असेल तर प्रश्नच नाही. वेगळा असेल आणि केस दर भागाला संपणारी असेल तरीसुद्धा कोडप्रमाणेच बघा, कारण केस सुटतात पण पात्रांची नाती पुढे सरकत असतात. एकच अपवाद, डीव्हीडीवर निर्मात्यांनी स्वतः वेगळा क्रम दिला असेल तर तो धरा.

पायलटवरून ठरवू नका

पायलट बाकीच्या भागांच्या कितीतरी महिने आधी बनतो, बऱ्याचदा वेगळा दिग्दर्शक असतो, पैसा जास्त असतो, त्यामुळे पायलट भारी आणि दुसरा भाग एकदम साधा असं हमखास होतं. वरून दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या भागात चॅनेलचा आग्रह असतो की नवीन प्रेक्षक येतोय, त्याला सगळं पुन्हा समजावा, म्हणून तीच माहिती पुन्हा पुन्हा ऐकायला लागते. कंटाळा येतो. पण क्राइम सिरीजला निदान चार भाग द्या, खरी लय साधारण पाचव्या-सहाव्याला सापडते, आणि एकूणच तेरा असतील तर चार म्हणजे काही फार नाही.

याचं एक उदाहरण नीट सांगतो. 'अवेक', एनबीसी, मार्च ते मे २०१२, १३ भाग, बनवणारा काइल किलन, म्हणजे तोच लोन स्टारवाला ज्याची दोन भागांत वाट लागली होती. लॉस एंजेलिसचा डिटेक्टिव्ह मायकल ब्रिटन, जेसन आयझॅक्सने केलाय, बायको आणि मुलासोबत गाडीचा अपघात होतो, आणि त्यानंतर तो झोपला की दुसऱ्याच जगात उठतो. एका जगात बायको वाचलीय आणि मुलगा गेलाय, दुसऱ्यात मुलगा वाचलाय आणि बायको गेलीय. कुठलं स्वप्न कुठलं खरं त्याला माहीत नाही, आणि त्याला ते माहीत करून घ्यायचंही नाही, कारण उत्तर मिळालं की दोघांपैकी एक कायमचं जाणार. दोन्ही जगांत तो कामावर जातो, दोन्हीकडे वेगळी केस, वेगळा जोडीदार, वेगळा मानसोपचारतज्ज्ञ, आणि दोन्ही तज्ज्ञ त्याला सांगतात की हेच जग खरं आहे.

आता ही बघायची कशी. बायकोच्या जगात तो मनगटावर लाल रबरबँड घालतो, मुलाच्या जगात हिरवा. चित्राचा रंगही त्याप्रमाणे बदलतो, लाल जग जरा उबदार, हिरवं थंडगार. म्हणून पहिली गोष्ट, फोनवर किंवा अंगावर ऊन पडत असलेल्या खोलीत बघू नका, आणि टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड बंद करा, तो सगळे रंग भडक करून हा फरकच मारून टाकतो. दुसरं, पहिले दोन-तीन भाग होईपर्यंत एका कागदावर दोन रकाने करा, लालमध्ये बायको हॅना, जोडीदार व्हेगा, डॉक्टर ली, हिरव्यामध्ये मुलगा रेक्स, जोडीदार बर्ड, डॉक्टर इव्हान्स. शाळेतल्या जोड्या लावा सारखं वाटेल पण तिसऱ्या भागानंतर कागदाची गरज लागत नाही, मनगट न बघताही समोर कोण बसलंय यावरून कळायला लागतं. तिसरं, एका जगातला एखादा नंबर किंवा पत्ता दुसऱ्या जगातल्या केसमध्ये उपयोगी पडतो, तेव्हा छोटे तपशील सोडू नका, जेवता जेवता बघायची ही सिरीज नव्हे. आणि दुसऱ्या भागाची शेवटची काही मिनिटं अजिबात चुकवू नका, क्रेडिट येतील म्हणून आधीच बंद करणाऱ्यांसाठी हे लिहितोय, तिथे जे दिसतं त्यावर पुढचा सगळा डोलारा उभा आहे, आणि नंतरचे बरेच भाग त्याचा उल्लेखही फारसा करत नाहीत. मधले काही भाग जरा सुटे वाटतात, त्यांना माफ करा, शेवटचे तीन मात्र एका बैठकीत बघा. कॅन्सल झाल्याची बातमी शेवटचे भाग दाखवायचे बाकी असतानाच आली, पण ते आधीच बनून तयार होते, म्हणजे तेरावा भाग सीझनचा शेवट म्हणून बनलाय, सिरीजचा म्हणून नाही, आणि तरीही तो सिरीजचा शेवट म्हणून इतका चपखल बसतो की लोकं अजून त्यावर वाद घालतात. माझं मत विचाराल तर दुसरा सीझन आला नाही तेच बरं झालं.

बारीकसारीक पण कामाच्या गोष्टी

कलाकारांची यादी उघडू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या सिरीजमध्ये चालून जातं, पण तेरा भागांच्या सिरीजमध्ये कोणाच्या नावापुढे "४ भाग" लिहिलेलं दिसलं की कळलंच ना, गेला बिचारा. तसंच पुढच्या भागांची नावं आणि छोटी चित्रंही झाकता आली तर झाका. आणि एखाद्या भागात ओळखीचा चेहरा पाहुणा म्हणून आलाय आणि पहिल्या वीस मिनिटांत त्याला काही कामच नाही, तर खुनी तोच, याला माझा काही इलाज नाही.

भागाची लांबी बघा. जाहिराती धरून तासाभराचा स्लॉट असलेल्या सिरीजचा भाग जाहिराती वगळून साधारण ४२-४४ मिनिटांचा असतो, ऐंशीच्या दशकातला असेल तर आणखी थोडा मोठा. तुमच्याकडे आलेला त्याहून बराच छोटा असेल तर कुठेतरी कात्री लागलीय. मात्र युरोपातली डीव्हीडी असेल तर दीड-दोन मिनिटं कमी भरतात ते काटछाट म्हणून नाही, तिथल्या पद्धतीत चित्र सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमने पळतं म्हणून.

जुन्या सिरीज चौकोनी पडद्यासाठी शूट झालेल्या असतात आणि काही ठिकाणी त्यांना रुंद करण्यासाठी वरून-खालून कापलेलं असतं. क्राइम सिरीजमध्ये टेबलाच्या खालच्या कडेला ठेवलेली वस्तूच पुरावा असू शकते, तेव्हा दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या असलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. गाण्यांचंही तसंच, बऱ्याच जुन्या सिरीजना गाणी फक्त टीव्हीवर वाजवायची परवानगी होती, डीव्हीडी काढताना परत पैसे नकोत म्हणून दुसरंच संगीत टाकलं जातं. बारमधल्या सीनला पार्श्वभूमीला भलतंच काहीतरी वाजतंय असं वाटलं तर कारण हे असू शकतं.

सबटायटल चालू ठेवा, इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी. पोलीस लोक नावं पुटपुटतात आणि तेच नाव सहा भागांनी परत येतं.

किती बघायचं आणि कुठे थांबायचं

एका शनिवार-रविवारात तेरा भाग संपवता येतात पण संपवू नका. दर आठवड्याला एक बघायला बनवलेली गोष्ट सलग बघितली की तिची सवयीची वाक्यं आणि ठरावीक वळणं डोळ्यात भरतात, दिवसाला दोन ठीक. पोलीस स्क्वॉड तर एका वेळी एकच, कारण तिच्यात प्रत्येक भागात तेच खेळ परत येतात, सुरुवातीलाच पाहुण्या कलाकाराचं नाव घेतात आणि लगेच त्याला मारून टाकतात, पडद्यावर भागाचं नाव एक आणि निवेदक म्हणतो दुसरंच. एका मागोमाग बघितलं तर तिसऱ्याला हसू यायचं थांबतं.

आणि काही वेळा सिरीज संपायच्या आधी आपणच थांबायचं असतं. 'बूमटाउन', एनबीसी, २००२, लॉस एंजेलिस, एकच गुन्हा पोलीस, वकील, पत्रकार, आरोपी अशा वेगवेगळ्या माणसांच्या नजरेतून तुकड्यातुकड्यात दाखवायची, तिला पीबडी हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कारही मिळाला. पहिला सीझन १८ भागांचा. मग प्रेक्षकांना अवघड जातं म्हणून दुसऱ्या सीझनमध्ये तीच खासियत पातळ केली, तर त्यानेही प्रेक्षक आले नाहीत, दोन भाग दाखवून काढली आणि उरलेले डिसेंबरमध्ये उरकले. दुसऱ्या सीझनचे सहा भाग आहेत, उत्सुकता असेल तर बघा, पण अठराव्या भागाला थांबलात तर काही चुकलं नाही.

संपल्यावर मग निर्मात्यांच्या मुलाखती शोधा, आधी नाही. कॅन्सल झालेल्या सिरीजचे लेखक पुढे काय होणार होतं ते बऱ्याचदा मोकळेपणाने सांगून टाकतात, त्यांना आता लपवून काय मिळणार. आणि लिहिणाऱ्याचं नाव लक्षात ठेवा, कलाकाराचं नाही. बूमटाउनवाला ग्रॅहम योस्ट पुढे 'जस्टिफाइड' घेऊन आला आणि ती सहा सीझन चालली, बूमटाउनमधला नील मॅकडोना तिच्यात खलनायक म्हणून परत भेटतो. 'द अनयुज्वल्स' नावाची न्यूयॉर्क पोलिसांची २००९ ची सिरीज १० भागांत संपली, जेरेमी रेनर होता तिच्यात, ती लिहिणारा नोआ हॉली म्हणजे नंतरचा 'फार्गो' सिरीजवाला.

आता कुठून सुरू करायची म्हणाल तर पहिली टेरिअर्स, मग अवेक, मग बूमटाउनचा पहिला सीझन. द अनयुज्वल्स मधेच कधीही तोंडी लावायला. क्राइम स्टोरी शेवटी ठेवा, आणि तेव्हा ते विमान आठवणीत असू द्या.